सैतानाला पण वचनं पाठ होती की! मग पाठांतराचा उपयोग काय?

नगरचा_मास्तर

सगळ्यांना सलाम. मी नगरकडच्या एका छोट्या मंडळीत संडे स्कूलचा मोठा वर्ग घेतो, नववी ते बारावीची पोरं आहेत. सध्या धडा चालू आहे बायबलमधला मत्तय ४, येशूची अरण्यातली परीक्षा, म्हणजे ४० दिवसांच्या उपासानंतर सैतान त्याला तीन मोह घालतो: दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी मार, आणि मला नमन करून जगातली राज्यं घे. नेहमीप्रमाणे मी सांगितलं की बघा, येशूने तिन्ही वेळा शास्त्रलेख सांगूनच उत्तर दिलं, म्हणून आपण पण वचनं पाठ करायची, स्तोत्र ११९:११ मध्ये पण तेच आहे की पाप होऊ नये म्हणून तुझं वचन मनात जपून ठेवलंय, इफिस ६:१७ मध्ये वचनाला आत्म्याची तलवार म्हटलंय वगैरे वगैरे. तर मागच्या बाकावरचा एक जण उठला आणि म्हणाला, "सर, पण मंदिरावरच्या परीक्षेत सैतानाने पण स्तोत्र ९१ म्हणून दाखवलं ना. म्हणजे त्याला पण पाठ होतं. मग पाठ करून फरक काय पडला?"

अख्खा वर्ग हसला. आणि पोराचा पॉइंट बरोबर आहे हो! मी म्हटलं पुढच्या रविवारी बोलू.

आता हे नुसतं धड्यापुरतं असतं तर चाललं असतं, पण आमच्याकडे वचन पाठांतर स्पर्धेत दरवर्षी नंबर काढणारी पोरंच फोनवर पैसे लावून पत्ते खेळतात. २०२५ मध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तरी कुठल्यातरी ग्रुपवरून लिंका येतातच. म्हणजे वचन तोंडात आणि बोट स्क्रीनवर. तर मला खरंच विचारायचंय की शास्त्र माहीत असल्याने मोह टळतो का, आणि टळत असेल तर कसा? कृपया नुसतं 'प्रार्थना करा' लिहू नका, ती चालूच आहे.

आशीर्वादित_१०

विश्वासाने घ्या सर, वचनात सामर्थ्य आहे. आमेन.

जुना_करार

मास्तर, त्या पोराला माझ्याकडून एक वडापाव. नेमक्या जागी बोट ठेवलंय त्याने.

आधी सैतानाने काय म्हटलं ते बघू. स्तोत्र ९१:११ आणि १२. देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलून धरतील, पायाला दगड लागू देणार नाहीत. आता स्तोत्र उघडून ११वं वचन पूर्ण वाचा, तिथे आहे की 'तुझ्या सर्व मार्गांत' तुझं रक्षण करायची आज्ञा दिली आहे. हा तुकडा सैतानाने गाळला. मत्तयात पण नाही आणि लूक ४ मध्ये पण नाही, लूकमध्ये 'रक्षण करावं' एवढं येतं पण 'सर्व मार्गांत' येत नाही. बरं, मंदिराच्या शिखरावरून खाली यायचा मार्ग म्हणजे जिना, उडी हा कुणाचाच मार्ग नसतो. आणि गंमत म्हणजे तो १२व्या वचनाला थांबला. १३वं काय आहे? सिंह आणि नाग पायाखाली तुडवशील. ते तो कशाला म्हणेल, स्वतःच्याच अंगावर आलं असतं.

म्हणजे पाठ होतं, पण त्याने कापून वापरलं.

आता येशूची उत्तरं घ्या. तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या एकाच पुस्तकातली आहेत, आणि तीही ६ ते ८ ह्या अध्यायांतली. भाकरीचं ८:३, परीक्षा पाहू नकोस हे ६:१६, आणि फक्त देवालाच नमन हे ६:१३. म्हणजे अख्ख्या शास्त्रातून तीन भारी वचनं हुडकून काढली असं झालेलं नाही, तो त्या एकाच भागात मुक्काम करून होता असं वाटतं वाचताना. आणि हा भाग आहे कशाबद्दल? ४० वर्षं अरण्यात फिरून झाल्यावर मोशे इस्राएल लोकांना सांगतोय की बाबांनो, काय काय झालं ते आठवा. ८:२ मध्ये सरळ आहे, तुमच्या मनात काय आहे ते बघायला देवाने तुम्हाला एवढं चालवलं. इकडे येशू अरण्यात ४० दिवस उपाशी. तो स्वतःला त्याच गोष्टीत उभा राहिलेला बघतोय.

तेव्हा 'मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही' हे ऐकायला सुविचार वाटतं, भिंतीवर लावायला बरं, पण ते मान्न्याबद्दल आहे, म्हणजे अरण्यात देवाने त्या लोकांना रोज दिलेल्या अन्नाबद्दल. निर्गम १६ काढा. रोज सकाळी त्या दिवसापुरतं गोळा करायचं, काहींनी उद्यासाठी म्हणून ठेवलं तर त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. म्हणजे देव देणार आहे का नाही ह्याची खात्री नाही म्हणून स्वतःच सोय लावायची, हा तो मोह. दगडाची भाकर करणं पण तेच. दुसरं, परीक्षा पाहू नकोस, ह्याच्यापुढे मूळ वचनात 'मस्सा इथे पाहिली तशी' असं आहे. मस्साला काय झालं, निर्गम १७, पाणी नाही म्हणून लोक म्हणाले परमेश्वर आमच्यात आहे की नाही? उडी मारून बघ म्हणणारा पण हेच म्हणतोय.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. ६:१३ च्या आधीची तीन वचनं वाचा. जी घरं तुम्ही भरली नाहीत, ज्या विहिरी तुम्ही खोदल्या नाहीत, जे द्राक्षमळे तुम्ही लावले नाहीत ते सगळं तुम्हाला मिळेल, तेव्हा देवाला विसरू नका. आणि सैतान काय दाखवत होता? जगातली सगळी राज्यं, आयती, नुसतं एकदा वाकायचं. तुमच्या पत्तेवाल्या पोरांना हे आधी वाचून दाखवा, न खोदलेल्या विहिरीचं पाणी हाच तर त्या गेमचा सगळा धंदा आहे.

आणि एक, सैतानाच्या वचनाला येशूने 'ते खोटं आहे' असं उत्तर दिलं नाही. 'असाही शास्त्रलेख आहे' असं म्हणाला. म्हणजे एका वचनाशेजारी दुसरं ठेवलं. हे करायला एक वचन पाठ असून भागत नाही.

शंकासूर

जुना_करार, लिहिलंय झकास पण मी जरा आडवा येतो (नावच तसं आहे माझं).

हे सगळं कळलं म्हणून मोह टळतो का? गुटख्याच्या आणि तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत इशारा आणि कॅन्सरचा फोटो असतो, आणि गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर उभा राहिलेला माणूस तो फोटो बघत बघतच पुडी फाडतो. माहिती कमी पडते म्हणून कुणी खात नाही.

शास्त्रातलंच घ्या. अनुवाद १७ मध्ये राजासाठी नियम आहेत, घोडे फार वाढवू नको, त्यासाठी लोकांना मिसरात (इजिप्तमध्ये) पाठवू नको, बायका फार करू नको, सोनंनाणं फार साठवू नको, आणि पुढे लिहिलंय की राजाने नियमशास्त्राची नक्कल स्वतः उतरवून घ्यावी आणि जन्मभर रोज वाचावी. आता १ राजे १० आणि ११ वाचा. इस्राएलचा राजा शलमोन. सोनं वर्षाला ६६६ किक्कार (त्या काळचं मोठं वजन), घोडे मिसरातून, बायका ७०० आणि वर ३०० उपपत्नी. एक नियम सोडला नाही पठ्ठ्याने मोडायचा! आणि हा कोण, तर ३००० नीतिसूत्रं सांगितलेला माणूस. परस्त्रीपासून लांब राहा म्हणून नीतिसूत्रे ५, ६, ७ ओळीने भरलीयेत. ज्ञान कमी होतं का त्याच्याकडे?

प्रेषित पौल तर रोम ७ मध्ये स्वतःच सांगतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही आणि जे नको तेच करतो. आणि तो काय कच्चा माणूस होता शास्त्रात?

माझं मत असं आहे की मत्तय ४ वाचताना आपण मत्तय ३ चा शेवट विसरतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली, हा माझा प्रिय पुत्र. लगेच पुढच्या अध्यायात सैतान काय म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील 'तर'. दोनदा म्हणतो. म्हणजे हल्ला त्या नात्यावर आहे. ज्याला बापाने आत्ताच माझा म्हटलंय त्याला उडी मारून काही सिद्ध करायची गरज नाही. वचन कामाला आलं कारण ते बोलणारा कोण आहे ते त्याला माहीत होतं. नाहीतर नुसतं वचन म्हणजे सैतानाने केलं तेच.

वसईची_पोर

आम्हा कॅथलिकांकडे उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी मिस्साला (उपासनेला) हेच शुभवर्तमान असतं, एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक, त्यामुळे लहानपणापासून ऐकतेय. पण मास्तरांच्या प्रश्नाला धरून एक जुनी गोष्ट सांगते, मला ती फार पटलीये.

चौथ्या शतकात मिसरच्या अरण्यात एवाग्रियस नावाचा एक संन्यासी होता. त्याने माणसाला छळणारे आठ विचार काढले होते, खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, दुःख, राग, मग एक प्रकारचा कंटाळा, आणि पोकळ मोठेपणा आणि गर्व. ह्यावरूनच पुढे ती सात महापापं आली. तर त्याने प्रत्येक विचाराला एक असे आठ भाग करून पाचशेच्या आसपास वचनं गोळा केली. पद्धत अशी की आधी मनात नेमकं काय येतं ते लिहायचं आणि मग त्याला उलट बोलणारं वचन. म्हणजे 'लोभाविरुद्ध वचनं' अशी मोघम यादी नाही, तर म्हातारपणी आजारी पडलो तर काय होईल म्हणून पैसे साठवून ठेव असं सांगणारा विचार, त्याला हे वचन. असं.

आणि तो कंटाळा, त्याचं वर्णन वाचलं तर आजचंच वाटतं. भर दुपारी येतो म्हणे तो. सूर्य हलतच नाही असं वाटायला लागतं, संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाला किती वेळ आहे ते बघतो, कुणी येतंय का बघतो, मग वाटतं ही जागाच नको. ऑफिसात दुपारी तीन वाजता मी फोन उघडते बंद करते उघडते, तेच ते, फक्त खिडकी खिशात आली.

म्हणून शंकासूर, तुमचं नात्याबद्दलचं बरोबर आहे पण पाठांतराला एवढं झटकू नका. मोह येतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो, डोक्यात जे आधीपासून असतं तेच वर येतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका लिहायला वाचायला न शिकता रोजरीबरोबर (जपमाळेबरोबर) कितीतरी भाग म्हणायच्या, आणि भांडण पेटलं की तोंडातून तेच निघायचं (कधीकधी शिव्या पण निघायच्या, ते सोडा).

जुना_करार

शंकासूर, शलमोनाचं मान्य. पण बघ, अनुवाद १७ मध्ये 'नक्कल उतरवून रोज वाच' असं सांगितलंय, त्याने रोज वाचलं असं कुठे लिहिलेलं सापडत नाही. इतरांसाठी नीतिसूत्रं काढणं आणि स्वतः बसून वाचणं ह्यात फरक आहे. आमच्या बऱ्याच प्रचारकांचं हेच होतं, जास्त बोलत नाही.

आणि अर्धवट माहीत असण्याबद्दल उत्पत्ती ३ पण बघा. झाडाची आज्ञा उत्पत्ती २:१६-१७ मध्ये आदामाला दिलीये, तेव्हा हव्वा अजून निर्माण पण झालेली नाही. म्हणजे तिला ती ऐकीवच मिळाली. देव काय म्हणाला होता, बागेतल्या सगळ्या झाडांची फळं यथेच्छ खा, फक्त ते एक नको. सर्प विचारतो, कुठल्याच झाडाचं खाऊ नका असं देवाने खरंच सांगितलंय का? हव्वा उत्तर देते पण 'यथेच्छ' गळालं आणि 'हात पण लावू नका' हे वाढलं. देव होता त्यापेक्षा कंजूष आणि कडक झाला तिच्या तोंडात. मग सर्पाचं काम सोपं झालं.

आपल्याकडे तर ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत वर्षाचं वचन म्हणून कार्ड उचलतात, ती सगळी आशीर्वादाचीच असतात. 'तुझ्या मनात काय आहे ते बघायला तुला चालवलं' हे कार्ड कुणाला आलेलं मी तरी पाहिलं नाही. पोरांना वचनं मिळतात ती व्हॉट्सअॅप स्टेटसच्या साइजची. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावात वर्षानुवर्षं बसून अख्खं बायबल सोप्या मराठीत केलं, त्या गेल्यावर १९२४ मध्ये छापून आलं, ते साध्या बायकांना सगळं वाचता यावं म्हणून, स्टेटस ठेवायला नाही.

शंकासूर

कापून वापरण्यावरून आठवलं. आमच्याकडे लग्नात एक काका ग्लास भरता भरता दरवेळी १ तीमथ्य ५:२३ म्हणतात, 'पोटासाठी थोडा द्राक्षारस घे'. एवढं एकच वचन पाठ आहे त्यांना, संदर्भासकट. त्यात 'थोडा' आहे, आणि पौलाचा शिष्य तीमथ्य नेहमी आजारी असायचा म्हणून सांगितलंय, हे मी एकदा सांगायला गेलो तर म्हणाले मला पण बीपी आहे.

रात्रपाळी

मी नर्स आहे, ड्युटी संपवून लिहितेय, चुका पोटात घाला. तुम्ही सगळे फार अभ्यासू आहात पण मास्तरांची पोरं सतरा वर्षांची आहेत हो.

योसेफाचं कुणी काढलं नाही अजून. उत्पत्ती ३९. त्याच्याजवळ पाठ करायला काय होतं? दहा आज्ञा पण नंतर आल्या. त्याच्या मालकाची, पोटीफराची, बायको एकदा नाही, रोज रोज मागे लागायची, आणि तिथे लिहिलंय की तो तिच्याजवळ थांबायचं पण टाळायचा. एवढंच म्हणाला की एवढं वाईट करून देवाविरुद्ध पाप कसं करू. आणि शेवटी तिने वस्त्र धरलं तेव्हा तो काही बोलत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला! पौल पण तीमथ्याला तरुणपणाच्या वासनांपासून पळ काढ असंच लिहितो, उभा राहून वाद घाल असं नाही लिहीत. १ करिंथ १०:१३ सगळ्यांना पाठ असतं, शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही, पण त्याचा शेवट म्हणजे निभावण्याचा उपायही करील. तो उपाय कधीकधी खोलीचं दार असतं.

आणि भूक. सैतान आला कधी, तर उपास संपल्यावर, भूक लागल्यावर. मी वॉर्डमध्ये बघते, रात्री तीन साडेतीनला माणूस सगळ्यात कच्चा असतो. नातेवाईक असोत नाहीतर आम्ही, तेव्हाच चिडचिड, तेव्हाच रडू, तेव्हाच फोनवर नको ते. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला वचन नाही सांगितलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. दोनदा.

तेव्हा मास्तर, पोरांना अनुवाद शिकवाच, पण घरी सांगा की रात्री दहानंतर फोन आईच्या उशाशी. आणि जेवून झोपा म्हणावं.

नगरचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रात्रपाळी ताई, फोनचं आजच दोन घरी बोललो, एका आईने लगेच हो म्हटलं, दुसऱ्या घरी वडीलच गेम खेळतात असं निघालं.

रविवारसाठी असं ठरवलंय की पाठ करून घ्यायचं नाही. वर्गाचे दोन गट, एका गटाला स्तोत्र ९१ आणि दुसऱ्याला अनुवाद ६ ते ८, मोठ्याने पूर्ण वाचायचं, आणि सैतानाने काय गाळलं ते त्यांनीच शोधायचं. तो प्रश्न विचारणारा पोरगा स्तोत्राच्या गटात. मग वसईच्या ताईंनी सांगितलं तसं प्रत्येकाने एका चिठ्ठीवर मनात येणारं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, नाव टाकायचं नाही, आणि त्याला उलट उत्तर शोधायचं. पत्त्यांसाठी काही सुचवता का कुणी? 'लोभ करू नको' सांगून काही होत नाही.

वसईची_पोर

वाक्य आधी नीट पकडा, तिथेच सगळं आहे. 'एवढे गेलेत ते परत काढू आणि मग थांबू' हे असतं त्यांच्या डोक्यात, श्रीमंत व्हायचंय असं नसतं. त्याला नीतिसूत्रे १३:११ बघा, आयतं आलेलं धन आटतं आणि जो थोडं थोडं करून जमवतो त्याचं वाढतं. आणि १ तीमथ्य ६:९, श्रीमंत होऊ पाहणारे परीक्षेत आणि पाशात सापडतात. पाशात सापडलेल्याला ओढून सुटता येत नाही, जितकं ओढाल तितकं आवळतं, हे गावाकडच्या पोरांना सांगावं पण लागणार नाही.

शंकासूर

चिठ्ठ्यांचा प्रकार चांगला आहे पण गोळा करून मोठ्याने वाचू नका मास्तर, अक्षरावरून ओळखतात पोरं. मग मंडळीत आठवडाभर तेच.

नगरचा_मास्तर

बरोबर, चिठ्ठी ज्याची त्याच्याकडेच ठेवतो. अजून एक, लहान वर्गाच्या बाईंना पण हाच धडा घ्यायचाय, आठ नऊ वर्षांची मुलं. त्यांना अनुवाद झेपणार नाही.

जुना_करार

त्यांना मार्क १:१२-१३ द्या. दोनच वचनं आहेत, संवाद नाही, भाकर नाही, मंदिर नाही. पण मार्कमध्ये एक आहे जे मत्तय आणि लूक दोघांत नाही, येशू तिथे वनपशूंबरोबर होता. लहान पोरांना प्राणी काढायला सांगा, अर्धा तास शांतता.

रात्रपाळी

आणि शेवटी देवदूतांनी त्याची सेवा केली हे पण आहे त्यात. खाऊ त्या दिवशी नक्की ठेवा.